तांडेल कधी निघायचा

होडी किनाऱ्यावर ओढली की तळाला कालवं धरलेली दिसतात. ती कोणी लावलेली नसतात. होडी एका जागी उभी राहिली की आपोआप धरतात, आणि खरवडताना हात फाटतो. माझ्या ओट्यावर किस्से असेच धरले. मी नुसता बसलो होतो.

आमचं घर खाडीच्या तोंडाशी, धक्क्याला लागून. श्रीवर्धनहून येणारी एसटी वळते तिथून पहिलं. गावात लॉज नाही. त्यामुळे पाठीला बॅग लावून, बूट घालून वाळूत चालणारा माणूस उतरला की थांब्यावरचा चहावाला त्याला आमच्याकडे पिटाळतो. "पीएचडी का? तांडेलाकडं जा." जणू मी त्या रोगावरचा वैद्य आहे.

मी चौथी शिकलो. मग समुद्रावर गेलो आणि तांडेल झालो. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. कधी निघायचं, जाळं कुठं टाकायचं, हे तो ठरवतो. आता होडी धाकटा मुलगा चालवतो. मी ओटा चालवतो.

आमच्या घरात एक रीत आहे, माझ्या आईनं घालून दिलेली. दारात आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जाता कामा नये. पाणी मागितलं तर पाणी, मासळी मागितली तर मासळी. हे लोक उत्तरं मागतात. मी उत्तरं देतो. माझ्याकडे नसली तरी देतो. सगळं तिथंच बिघडतं.

माझी नात सायली या लोकांना चहा देत मोठी झाली. तिचे आईवडील अलिबागला नोकरीला, ती लहानपणापासून आमच्याकडे. शेवटी तीही संशोधक झाली, आणि माझ्यासारख्याच एका म्हाताऱ्यापाशी तिचं काम असं अडलं की पदवी हातची जायची वेळ आली. ते शेवटी सांगतो. आधी चिंबोऱ्या.

* * *

मुंबईहून एक बाई आल्या. खाडीतल्या चिंबोऱ्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, त्यांचा अभ्यास. पद्धत अशी की चिंबोरी पकडायची, पाठीवर पांढऱ्या रंगानं आकडा घालायचा आणि पुन्हा चिखलात सोडायची. मग ती कुठवर फिरते ते बघायचं. बाईंना एकच धास्ती. गावातल्या कोणी धरून खाल्ली तर?

मी उठून उभा राहिलो. "बाई, तांडेलाचा शब्द आहे. तुमच्या चिंबोरीला या गावात कोणी बोट लावणार नाही." मग गावात फिरून बजावून आलो. आवाज चढवूनच बजावलं.

बाई जायच्या आदल्या दिवशी हिनं खास बेत केला. ही म्हणजे माझी बायको, हिराबाई. बेत भरलेल्या चिंबोऱ्यांचा. पाठ तशीच ठेवून, आत सारण भरून, दोऱ्यानं बांधलेल्या. बाईंनी ताटातली चिंबोरी बोटानं पुसली. रश्शाखालून आकडा वर आला.

सायलीनं आपल्या ताटातली हळूच उलटी करून पाहिली. तिच्यावरही होता.

मी हिच्याकडे पाहिलं. ही शांतपणे म्हणाली, "शेजारनीनं दिल्या. लिवलेलं दिसलं मला. म्हटलं भाव असंल."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी शेजारणीला बोलावून एकेक चिंबोरी कुठं धरली ते विचारून घेतलं. बाईंच्या ताटातली सोडली होती खाडीच्या अलीकडे, सापडली पलीकडच्या काठाला. त्यांच्या सगळ्या चिंबोऱ्यांत एवढी लांब गेलेली तीच. पुढे बाईंचा प्रबंध झाला. त्यात आभाराला हिराबाईचं नाव आहे, शेजारणीचंही आहे. शब्द देणाऱ्याचं नाही.

* * *

पुण्याचा एक मुलगा आला. किनाऱ्यावरची माणसं घरी कशी बोलतात, त्यावर त्याचं काम. बिचारा नम्र होता. म्हणाला, "तांडेल काका, रोज बोलता तसं बोला."

मी आत जाऊन इस्त्रीचा सदरा घातला. समोर माइक असला की माणसानं नीट बोलावं, असं माझं मत. सुरुवात केली. "आमच्या समाजामध्ये मासेमारी हा प्रमुख व्यवसाय आहे."

मुलाचा चेहरा पडला. "काका, थोडं मोकळं बोला ना."

मी आणखी ताठ बसलो. "मोकळेपणाने सांगावयाचे झाल्यास," मी म्हणालो, आणि बातम्या देतात तसा बराच वेळ बोललो.

तेवढ्यात मागं सुकत घातलेल्या बोंबलांवर मांजर आलं. मांजर पांडूचं. पांडू माझा शेजारी. तोही तांडेल होता, आणि जन्मभर माझ्या होडीच्या बरोबरीनं होडी हाकत आला. हिराबाई पडवीतून निघाली. तिनं मांजराला ऐकवलं, मांजराच्या आईला ऐकवलं, पांडूला आणि पांडूच्या खापरपणजोबाला ऐकवलं. मुलानं माझ्या तोंडासमोरचा माइक अलगद उचलला आणि तिकडे फिरवला.

पुढे त्याचा फोन आला. डॉक्टर झाला होता. "काका, आजींचं सगळं घेतलंय. एकेक शब्द सोनं आहे."

"आणि माझं?"

"तुमचंही आहे ना. मध्ये तुम्ही एकदा ओरडलात, 'गप ऱ्हा गं, पावने बसलेत हितं.' तेवढं फार उपयोगी पडलं."

* * *

जुन्या वस्तू शोधणारे एक सर आले. त्यांना दगडी नांगर हवे होते. पूर्वी गलबतांना भोक पाडलेल्या दगडाचा नांगर असायचा म्हणे. मी त्यांना घरामागं नेलं. तिथं भोक असलेला एक मोठा दगड पडलेला आहे. ही त्यावर कपडे आपटते.

"आमच्या पूर्वजांचा," मी सांगितलं. सर गुडघ्यावर बसले. मला चेव आला. पणजोबांच्या पणजोबांचं गलबत सांगितलं, ते अरबस्तानात जायचं ते सांगितलं. सरांनी ब्रशनं दगड साफ केला, चहूबाजूंनी फोटो काढले, भोकात हात घालून मापं घेतली. हिचे कपडे दोन दिवस पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी पांडू आला. बघत उभा राहिला. मग म्हणाला, "धर्मा, ह्यो आपला व्हॉलीबॉलच्या खांबाचा दगड नव्हं? भोक तूच पाडलंस की. तवा आंगठा चेचला व्हता तुझा."

मी अंगठा मुठीत घेतला. पण सरांनी तो आधीच पाहिला होता. त्यांनी ब्रश पिशवीत ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "तांडेल, तुमचा संघ कोणत्या शतकातला?"

* * *

एकदा एक मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांना एकटं वाटतं का, हे तिला शोधायचं होतं. हळू आवाजात, जपून विचारायची. त्या वेळी घरात नेमकी गर्दी होती. माडीवर शेवाळं गोळा करणारे दोघे, पडवीत मिठागरांचा इतिहास लिहिणारे एक गृहस्थ, आणि न्हाणीघरासमोर रांग.

"आजोबा, तुम्हाला कधी एकटं वाटतं?"

"बाळ, वाटायला जागा कुठं आहे?" मी म्हणालो. ओट्यावर सगळे हसले. मीही खूश झालो.

मुलगी आत गेली आणि तिनं हिराबाईला विचारलं. हिनं भाकरी थापता थापता सांगितलं, "ही मान्सं ग्येली की हे रोज एसटीच्या टायमाला थांब्यावर जाऊन बसतात. इचारलं तर म्हनतात, भरती बघाया ग्येलो व्हतो."

एसटीचा थांबा समुद्राच्या उलट दिशेला आहे. मुलीनं तेही टिपून घेतलं.

* * *

मग मॅनेजमेंट कॉलेजातले दोघे आले. एकानं लॅपटॉप उघडला, दुसऱ्यानं विचारलं, "काका, पुढं काय होणार हे माहीत नसताना माणूस निर्णय कसा घेतो, हा आमचा विषय. समुद्रावर कधी निघायचं हे तुम्ही कसं ठरवायचात?"

या प्रश्नाची मी आयुष्यभर वाट पाहिली होती.

मी डोळे मिटले. "वाऱ्याला वास असतो," मी म्हणालो. "तो ज्याला येतो तो तांडेल." पुढं पाण्याचा रंग सांगितला. बगळ्यांची रांग सांगितली. हाडांत कळ येते ते सांगितलं. एक जण टाइप करत होता, दुसरा नुसता माझ्याकडे बघत होता. पायरीवर सायली कोळंबी सोलत बसली होती. तिचेही हात थांबले.

मग ते पांडूकडे गेले. पांडूलाही वाऱ्याचा वास यायचा, असं कळलं. शिवाय त्यानं त्यात आकाशातले तारे घातले. दोघांना घेऊन तो माझ्या ओट्यावर आला.

पोरं हुशार. एकानं विचारलं, "पण तुमच्या दोघांच्या होड्या नेहमी एकदमच निघायच्या, असं गावात सांगतात. ते कसं?"

पांडू भोळा. बोलून गेला, "त्यात काय? धर्माची होडी हालली की मी सोडायचो."

माझं बोट नकळत पांडूकडं गेलं. कारण पांडूची होडी हलली की मी सोडायचो.

"मग आधी कोण हलायचं?" त्या पोरानं विचारलं.

पांडूनं माझ्याकडे पाहिलं. मी पांडूकडे पाहिलं. आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात हा प्रश्न कधी निघाला नव्हता. तेवढ्यात आतून हिराबाई म्हणाली, "मी आन् पांडू भावजींची गंगू नळावर ठरवायचो. डबे भरून हातात दिले की हे निघायचे."

सायली कोळंबी टाकून आत पळाली. आतून तिचं हसू बराच वेळ ऐकू येत होतं.

"हे लिहायचं नाही," मी पोरांना बजावलं. त्यांनी ऐकलं. त्यांच्या लेखात माझा वाऱ्याचा वास आहे. सायलीनं तो मला मराठीत वाचून दाखवला. ऐकून मला माझाच अभिमान वाटला.

* * *

पुढचा किस्सा त्या रिकाम्या हाताच्या रितीचा.

सण-उत्सवांवर लिहिणारे एक प्राध्यापक शिमग्याला आले. होड्या सजवलेल्या, पूजा झालेली. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या होडीचं तोंड उत्तरेला का?"

त्या दिवशी उत्तरेला होतं कारण दक्षिणेला चिखल होता. पण हा माणूस लांबून आलेला, संध्याकाळच्या एसटीनं जाणारा. एवढंसं उत्तर त्याच्या हातावर काय ठेवायचं? मी म्हणालो, "होडीलाही माहेर असतं. जिथं बांधली तिकडं सणाला तोंड करून ठेवायची. ही तिकडं रेवसच्या बाजूला बांधलेली. वर्षभर सासरी राबते, एक दिवस माहेराकडं बघते."

प्राध्यापकांचे डोळे भरले. मलाही गहिवरून आलं.

नंतर काही वर्षांनी शिमग्यालाच एक बाई आल्या. म्हणाल्या, "होडीच्या माहेराची प्रथा बघायला आलेय." मी सांगितलं, अशी प्रथा नाही. त्या म्हणाल्या, "असं कसं? मी आत्ता किनाऱ्यावरून आले."

मी जाऊन पाहिलं. सगळ्या होड्यांची तोंडं उत्तरेला. पांडूनं तर आपल्या होडीची खणानारळानं ओटी भरलेली.

मी खवळलो. म्हटलं, ही काय भानगड? हे कोणी सांगितलं तुम्हाला?

पांडूनं होडीला हळद लावता लावता मला बाजूला सारलं. "सरक तिकडं. तुला काय म्हाईत? पुस्तकात आलंय."

* * *

आता सायली.

तिनं विषय घेतला तो हिमाचलातल्या मेंढपाळांचा. ते लोक उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर डोंगरात जातात. बर्फ पडायच्या आधी खाली उतरावं लागतं. लवकर उतरलं तर चारा वाया, उशीर झाला तर कळप जातो. कधी उतरायचं हे ते कसं ठरवतात, हा तिचा प्रश्न.

मी साफ नाही म्हणालो. "आपण उत्तरं देणारी माणसं. दुसऱ्याच्या ओट्यावर वही घेऊन बसायचं नाही."

ती म्हणाली, "आजा, तुझ्या ओट्यावर बसून मी तेवढंच शिकले."

ती गेली. मी एसटीपर्यंत गेलो नाही. धक्क्यावर जाळं विणत बसलो आणि सगळं चुकीचं विणलं.

तिथली रीत अशी की वस्तीतला सगळ्यात वयस्क मेंढपाळ बोलल्याशिवाय दुसरं कोणी तोंड उघडत नाही. आणि तो म्हातारा बोलेना. सायली रोज जाऊन बसायची. तो तिला चहा द्यायचा, आकाशाकडे बघायचा आणि एकच वाक्य सांगायचा, "हवा बताती है." की संपलं. पुढं काही विचारलं तर उठून मेंढ्यांकडे जायचा. कळप आता खाली निघणार होता. तिच्या सरांनी कळवलं होतं की एवढ्यावर प्रबंध होत नाही, परत ये आणि दुसरा विषय घे. म्हणजे झालेली वर्षं पाण्यात, आणि शिष्यवृत्ती बंद.

हे सगळं तिनं आजीला फोनवर सांगितलं. मला नाही. हिराबाई फोन घेऊन धक्क्यावर आली. "पोर तिकडं रडतेय. रिकाम्या हातानं येनार ती. तुमच्या आईची रीत काय आपल्याच दारापुरती हाय?"

मी जाळं खाली ठेवलं.

घरी आलो. फोनवर सायली दिसत होती, डोळे सुजलेले. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्याला दाखव. माझी हिंदी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर मासळी विकताना शिकलेली. भांडणापुरती उत्तम आहे. मी भांडायच्या तयारीनंच बसलो. पांडू शेजारी येऊन बसला. त्याला मी म्हटलं, तू जरा घरी जा. तो गेला नाही.

सायलीनं फोन फिरवला. लोकरीची टोपी, ताठ मान, ओठ मिटलेले. आरशात बघितल्यासारखं वाटलं.

मी राम राम केला. त्यानं मान हलवली. मी म्हणालो, "भाई, मेरी नातीन को बताओ ना, कब उतरना है कैसे समझता है."

त्यानं डोळे मिटले. आकाशाकडे तोंड केलं. म्हणाला, "हवा बताती है."

डोळे मिटायची ती तऱ्हा माझी होती. वाक्यही माझंच. आणि त्यामागं काय असतं, हे मला आणि पांडूला चांगलं ठाऊक होतं.

सायलीचं रेकॉर्डिंग चालू होतं. वस्तीतली चार माणसं त्याच्या पाठीशी उभी. इकडं पांडू, दारात हिराबाई. मी फोन तोंडाजवळ घेतला.

"सुनो भाई," मी म्हणालो. "मैं भी तांडेल था. सबको बोला, मेरे को हवा का बास आता है. झूठ बोला. कुछ बास नहीं आता. मैं पांडू को देखके निकलता था. ये पांडू."

पांडूनं फोनला हात जोडले.

"और ये मेरे को देखके निकलता था. और असली बात, घर में डब्बा भरते थे, तब हम दोनों निकलते थे."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा उठणार आणि मेंढ्यांकडे जाणार. पोरीचं सगळं गेलं, आणि माझंही.

तो उठला नाही. त्यानं मान वळवली. मागं दारात त्याची म्हातारी लोकर पिंजत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पुन्हा माझ्याकडे. मग सायलीच्या हातातला फोन त्यानं काढून घेतला आणि म्हातारीच्या हातात दिला.

इकडं माझ्या हातातला फोन हिराबाईनं काढून घेतला.

हिला हिंदी येत नाही. त्या बाईला मराठी येत नाही. पण दोघी बोलायला लागल्या. तिकडची म्हातारी बोटं नाचवून काहीतरी सांगत होती, वस्तीतली माणसं हसत होती, आणि मागून सायलीचा आवाज येत होता, "आजे, थांब जरा, मला लिहू दे."

मी आणि पांडू ओट्याच्या पायरीवर जाऊन बसलो. खाडीला भरती लागली होती. दोघंही तिकडं बघत राहिलो, एकमेकांकडे न बघता. आतून हिचा आवाज आला.

"व्हय गं बाय. आमचे पन वाराच हुंगायचे."